एका बाकाची दोन राज्यं

बालमित्रांनो, एक कोडं घालते. एक माणूस बाकावर बसलाय. त्याचा डावा खांदा एका राज्यात आणि उजवा खांदा दुसऱ्या राज्यात! तो उठलेला नाही, सरकलेलाही नाही. सांगा पाहू, तो कुठं बसलाय?

हरलात? मग चला माझ्याबरोबर आगगाडीनं. जळगावहून सुरतेकडं जाणारी गाडी धरायची. धरणगाव गेलं, साने गुरुजींचं अमळनेर गेलं, पुढं धुळे जिल्ह्यातलं नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, मग नंदुरबार आणि त्यानंतर नवापूर. इथं उतरा. फलाटावर एक बाक दिसेल. त्याच्या मधोमध एक रेघ रंगवली आहे. रेघेच्या एका बाजूला लिहिलंय ‘महाराष्ट्र’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गुजरात’. राज्याची सीमा स्टेशनाच्या पोटातूनच गेली आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत! गाडी येण्याची सूचना हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होते.

आहे ना गंमत? वर्गात नकाशा शिकवताना मी ही गंमत सांगितली. सगळी मुलं हसली. एक मुलगी मात्र हसली नाही. तिचं आजोळ त्या रेघेपलीकडं, उच्छल तालुक्यात. मामाची मुलगी तिच्याच वयाची. दोघी घरात एकच बोली बोलतात, पण ही शाळेत मराठी शिकते आणि ती गुजराती. मामेबहिणीनं पत्र पाठवलं तर हिला वाचता येत नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, ही रेघ ओढताना माझ्या पणजीला कोणी विचारलं होतं का?”

मुलांनो, खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, “उद्या सांगते.” घरी येऊन पुस्तकं काढली. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुम्हालाही सांगते.

रेघ कोणी ओढली?

राज्याची सीमा म्हणजे नदी किंवा डोंगर नव्हे. सीमा म्हणजे कायदा. आधी ती कागदावर लिहिली जाते, मग नकाशावर उमटते आणि शेवटी जमिनीवर दगड रोवला जातो.

आपल्या खानदेशचंच पाहा. इंग्रजांच्या काळात खानदेश हा एकच भला मोठा जिल्हा होता. १९०६ साली त्याचे दोन भाग झाले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्व खानदेशाचं नाव जळगाव झालं, पश्चिम खानदेशाचं धुळे. पुढं १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. ही झाली जिल्ह्यांची गोष्ट. जिल्हा पाडण्याचा अधिकार राज्य सरकारला असतो.

राज्यांची गोष्ट मात्र वेगळी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई नावाचं एक मोठं राज्य तयार झालं. त्यात मराठी माणसं होती आणि गुजरातीही. त्याला ‘द्विभाषिक राज्य’ म्हणत. दोघांनाही ते नको होतं. इकडं संयुक्त महाराष्ट्र समितीचं आंदोलन पेटलं, तिकडं इंदुलाल याज्ञिक यांच्या पुढारीपणाखाली महागुजरातचं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळावा म्हणून शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. मुंबईचा हुतात्मा चौक त्यांच्याच आठवणीचा.

अखेर दिल्लीच्या संसदेनं ‘मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६०’ हा कायदा केला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं जन्माला आली. १ मे ला आपण शाळेत झेंडावंदन करतो, ते याचसाठी. यशवंतराव चव्हाण आपले पहिले मुख्यमंत्री, तर गुजरातचे जीवराज मेहता.

या कायद्याला जोडून गावांच्या नावांची एक लांबलचक यादी आहे. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली काही गावं आणि आपल्या पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा व अक्कलकुवा या तालुक्यांतली दीडशेहून अधिक गावं गुजरातला गेली. त्यांतली पुष्कळ गावं आज तापी जिल्ह्याच्या उच्छल आणि निझर तालुक्यांत आहेत. ३० एप्रिलच्या रात्री ती माणसं एका राज्यात झोपली आणि सकाळी दुसऱ्या राज्यात उठली. घर तेच, शेत तेच, विहीर तीच, राज्य मात्र नवं! नवापूर स्टेशन तर कितीतरी आधीपासून उभं होतं. ते काही जागचं हललं नाही, रेघच त्याच्यावरून गेली.

रेघेनं काय बदलतं?

तुम्ही म्हणाल, रेघ असली म्हणून काय झालं? देश तर एकच आहे. बरोबर आहे. चोरी बाकाच्या या टोकाला केली तरी गुन्हा, त्या टोकाला केली तरी गुन्हाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता दोन्हीकडं सारखी आहे. पण आपल्या राज्यघटनेनं कामांच्या तीन याद्या केल्या आहेत. काही विषय केंद्राचे, काही राज्यांचे आणि काही दोघांचे मिळून. पोलीस, जमीन, दारूबंदी हे राज्यांचे विषय.

म्हणून गंमत बघा. मुंबई राज्यानं १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. राज्य दुभंगलं तेव्हा दोघांच्या वाट्याला तोच कायदा आला. गुजरातनं तो कडक ठेवला. महाराष्ट्रानं पुढं परवाने देऊन तो सैल केला. एकाच आईची दोन लेकरं, पण दोघांचे स्वभाव दोन! फलाटाच्या या टोकाचा खटला वर जात जात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जातो आणि त्या टोकाचा जातो अहमदाबादला, गुजरातच्या उच्च न्यायालयात.

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र गमतीची नाही. अनुसूचित जमातीचा दाखला राज्याराज्याप्रमाणं असतो. पलीकडच्या गावातली मुलगी लग्न होऊन अलीकडं आली, तर तिची जमात काही बदलत नाही. पण महाराष्ट्र सरकारच्या राखीव जागेसाठी गुजरातचा दाखला चालत नाही. माहेर चार कोसांवर असलं तरी चालत नाही. सीमेवरच्या घरांत ही रेघ अशी रोज आडवी येते.

विचारायचं कोणाला?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येऊ. पणजीला विचारलं होतं का?

आपल्या राज्यघटनेचं तिसरं कलम सांगतं की नवं राज्य करणं, सीमा बदलणं, नाव बदलणं हा संसदेचा अधिकार आहे. त्याआधी राष्ट्रपती ते विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडं पाठवतात आणि मत मागवतात. पण विधिमंडळाचं मत मानलंच पाहिजे असं संसदेवर बंधन नाही.

यावरून आपल्याच राज्यात एक गाजलेला खटला झाला. १९५६ साली आधी विधेयक होतं तीन भागांचं: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात. त्यावर विधिमंडळाचं मत घेतलं. मग संसदेनं विचार बदलला आणि द्विभाषिक राज्य केलं. बाबूलाल पराते न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं, की आम्हाला विचारलं एक आणि केलं दुसरंच, तेव्हा पुन्हा विचारायला हवं होतं. पण ऑगस्ट १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की पुन्हा विचारण्याची गरज नव्हती.

अमेरिकेत काय आहे माहीत आहे? तिथं पन्नास राज्यं आहेत. प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना, स्वतःचं सर्वोच्च न्यायालय आणि गुन्ह्यांचे कायदेही स्वतःचे. आपल्या नवापूरसारखी एक जागा तिथंही आहे बरं का! टेक्सारकाना शहरातलं पोस्ट आणि न्यायालय असलेली इमारत अर्धी टेक्सास राज्यात आहे आणि अर्धी आर्कान्सा राज्यात. लोक तिच्यापुढं दोन राज्यांत दोन पाय ठेवून फोटो काढतात. पण एक मोठा फरक आहे. अमेरिकेत एखाद्या राज्याचा तुकडा काढून नवं राज्य करायचं, तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमतीच लागते. १८२० साली मेन हे राज्य मॅसॅच्युसेट्समधून वेगळं झालं ते अशाच संमतीनं. तिथं संमती लागते, इथं फक्त मत. कोणतं बरं, कोणतं वाईट? आपल्याकडं भाषेवार राज्यं व्हायची होती. प्रत्येक राज्याची संमती मागत बसलो असतो तर महाराष्ट्र झाला असता का, हाही विचार करा.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितलं, “बाळ, तुझ्या पणजीकडं कोणी मतपेटी घेऊन गेलं नव्हतं. गावागावात मतदान झालं नाही. तिनं निवडून दिलेल्या आमदारानं मुंबईत आणि खासदारानं दिल्लीत चर्चा केली. तिच्या वतीनं बोलायचं, ते त्यांनी.”

ती म्हणाली, “म्हणजे मत देताना नीट द्यायला पाहिजे!”

मुलांनो, सहावीतल्या पोरीनं एका वाक्यात सगळं नागरिकशास्त्र सांगून टाकलं. आपल्यासाठी कोण बोलणार, हे आपणच ठरवतो. अठरा वर्षांचे व्हाल तेव्हा हे विसरू नका. आईबाबांनो, तुम्ही तर आत्ताच विसरू नका!

त्या मुलीनं आता गुजराती अक्षरं गिरवायला घेतली आहेत. मामेबहिणीचं पत्र स्वतः वाचायचं आहे ना! परवा वही घेऊन धावत आली आणि म्हणाली, “मॅडम, मॅडम, गुजरातीत अक्षरांवर रेघच नसते!”

तुम्हीही करून पाहा

१. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी आपल्या जिल्ह्याचं नाव काय होतं? घरात जमिनीचे जुने कागद असतील तर मोठ्यांना दाखवायला सांगा. त्यावर ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ सापडतं का पाहा.

२. नकाशात नवापूर, उच्छल, निझर आणि तळोदा शोधा. दोन्ही राज्यांची सीमा बोटानं गिरवा.

३. तुमच्या भागाच्या आमदारांचं आणि खासदारांचं नाव वहीत लिहा. आठवत नसेल तर लाजू नका, पण आजच विचारून घ्या!