प्रमाणपत्राचा शिक्का नको, उधारीची वही दाखवा
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून धंद्याचा सल्ला : एका कापड व्यापाऱ्याचा अनुभव

सल्लागार म्हटला की आपल्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सूट-टाय घातलेला आणि तासाचे पैसे घेणारा माणूस उभा राहतो. असा सल्लागार मोठ्या कारखान्यांसाठी असतो, आपल्या गादीवर त्याचे काय काम, असे आम्हीही वर्षानुवर्षे समजत होतो. सल्ला घ्यायचा तो मुनीमजींचा, दलालाचा, फार तर आयकराचे विवरणपत्र भरताना वकिलाचा. वीस वर्षांची कॉलेजची पोरे आम्हाला धंदा शिकवतील, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

आज हसत नाही. का हसत नाही, ते व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

आम्हीही शिक्काच मारला होता

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आला. त्याला ऑन जॉब ट्रेनिंग म्हणतात. विद्यार्थ्याने दुकानात, कारखान्यात, कार्यालयात जाऊन काम करायचे आणि त्याचे श्रेयांक त्याच्या पदवीत धरले जायचे. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास.

योजना चांगली आहे. पण आमच्या मालेगावात काय, किंवा इतर गावांत काय, पुष्कळदा असे होते की ओळखीचा मुलगा येतो, कॉलेजचे पत्र पुढे करतो आणि म्हणतो, "चाचा, इथे सही-शिक्का पाहिजे." आपण मेहरबानी म्हणून शिक्का मारतो. मुलगा एक दिवसही काम करीत नाही. आम्हीही अशा दोन मुलांच्या कागदावर शिक्का मारला होता. तेव्हा वाटले, पोरांचे भले केले. आता वाटते, त्यांचे १२० तास आम्ही वाया घालवले आणि आमचेही.

पुढच्या खेपेला तीन विद्यार्थी एकत्र आले. दोन मुले आणि एक मुलगी, तिघेही बी. कॉम.चे. त्यांच्या प्राध्यापकांनी स्वतः फोन करून सांगितले की नुसते बसवू नका, एखादी अडचण सोडवायला द्या. अडचण आमच्याकडे होती. माल विकला जात होता, नफा कागदावर दिसत होता, पण गल्ल्यात पैसा नव्हता.

परक्या पोरांना वही दाखवायची?

आमचे काम कोऱ्या कापडाचे. गावातील यंत्रमागवाल्यांकडून ताके घ्यायचे आणि बालोतरा, पाली येथील प्रोसेसवाल्यांना पाठवायचे. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून बिले संगणकावर निघतात. पण उधारी कोणाची किती आली, हे मुनीमजी जुन्या पद्धतीने वहीत लिहितात, तेही उर्दूत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे, तेव्हा आम्हाला तेच सोयीचे.

मुनीमजी आमच्याकडे तीस वर्षे आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बाजूला घेतले. "सेठ, घरची गोष्ट परक्या पोरांना दाखवायची? उद्या सगळ्या बाजारात बोंब होईल." त्यांची भीती खोटी नव्हती. शेवटी तोड निघाली ती अशी की, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नंबर द्यायचा, नाव कागदावर यायचे नाही आणि वही गादीबाहेर जायची नाही. मुलांनी तसे लिहून दिले.

दोन्ही मुलांना संगणकावरचे हिशेब येत होते, पण वही त्यांना वाचता येईना. मुलगी मात्र दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. ती वही वाचायची आणि मुले संगणकात भरायची. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज चार तास. संगणकातली बिले आणि वहीतली जमा समोरासमोर ठेवण्याचे काम आमच्या गादीवर त्याआधी कधी झालेच नव्हते.

आकड्यांनी काय सांगितले

आमची मुदत ६० दिवसांची. आम्ही सगळ्यांना तेच सांगत होतो आणि स्वतःही तेच मानत होतो. मुलांनी एका वर्षाची सगळी बिले लावली, तेव्हा पैसे सरासरी १०४ दिवसांनी आलेले निघाले. त्यातही अडकलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम फक्त चार गिऱ्हाइकांकडे होती. त्यातला एक तर असा, की तो आला की आम्ही चहा नाही, जेवण मागवत होतो.

एका मुलाने कागदावर साधा हिशेब मांडला. तो येथे देतो, कारण तो प्रत्येक व्यापाऱ्याने करून पाहण्यासारखा आहे. एक लाखाच्या मालावर दोन हजार सुटतात असे धरा. पैसा ६० दिवसांत परत आला तर तो वर्षात सहा वेळा फिरतो, नफा १२ हजार. तोच पैसा १२० दिवसांनी आला तर तीन वेळाच फिरतो, नफा सहा हजार. भाव तोच, माल तोच, मेहनत तीच, आणि कमाई निम्मी. ज्याला आम्ही सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणत होतो, तो आमच्या भांडवलावर आपला धंदा चालवीत होता.

येथपर्यंत ऐकून आम्ही खूष झालो. चूक दुसऱ्यांची निघाली होती. पण मुलीने आणखी एक तक्ता केला होता. तो दाखवावा की नाही, याचा तिला संकोच वाटत होता. प्राध्यापकांनी सांगितले, दाखव.

त्या तक्त्यात आमची देणी होती. यंत्रमागवाल्यांना आम्ही पंधरा दिवसांत पैसे देण्याचा शब्द देत होतो. प्रत्यक्षात सरासरी ३८ दिवस लागत होते. मोठ्या कारखानदारांना वेळेवर मिळत होते, कारण ते माल दुसरीकडे नेतील ही भीती होती. उशीर होत होता तो चार-सहा मागवाल्यांना. मुलगी हळूच म्हणाली, "चाचा, चार मागवाल्याला सूत रोखीने घ्यावे लागते, आणि आठवड्याची मजुरी थांबत नाही. आमच्या घरी चार माग आहेत."

तिच्या वडिलांचा माल आम्ही घेत नव्हतो. पण त्यांच्यासारख्यांचाच घेत होतो. आमचे गिऱ्हाईक आम्हाला रडवत होते आणि आम्ही गरीब मागवाल्याला. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, ही ताकीद सूरह बकरामध्ये आहे आणि ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. लिहून तर ठेवले होतेच. लिहिलेले वाचले नव्हते.

कायद्याची बाजू

मुलांनी एक कायदेशीर गोष्टही समोर आणली. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. हा नियम २००६ च्या कायद्यातील आहे. पण १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद लागू झाली. मुदत उलटून गेलेली अशी रक्कम ३१ मार्चला देणे राहिली, तर ती त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. जेव्हा प्रत्यक्ष द्याल तेव्हाच ती खर्चात येते. तोपर्यंत तेवढा नफा वाढलेला दिसतो आणि त्यावर कर पडतो. आमच्या कर सल्लागारांना विचारले, त्यांनी दुजोरा दिला. अशी सात देणी आमच्याकडे निघाली. आणि व्यापारी म्हणून आमच्या गिऱ्हाइकांकडून आम्हाला हे संरक्षण नाही, कारण ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे एका बाजूने आम्ही बांधलेले आणि दुसऱ्या बाजूने मोकळ्या हाताचे.

जेथे मुले चुकली

सगळेच बरोबर निघाले असे नाही. मुलांच्या अहवालात पहिली शिफारस होती की, ९० दिवसांच्या पुढे गेलेल्या प्रत्येकाचा माल बंद करावा. मुनीमजींनी यादी पाहिली आणि एका नंबरावर बोट ठेवले. हा माणूस उशिरा देतो हे खरे, पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गोदाम भरलेले असताना आमचा माल उचलणारा हा एकटाच होता. त्याचा पैसा बुडत नाही, फक्त सीझन पाहून येतो. ही गोष्ट कोणत्याही बिलात लिहिलेली नव्हती. मुलांनी ती मान्य केली आणि यादी मुनीमजींबरोबर बसून पुन्हा केली. आमच्या मते खरा सल्ला त्या दिवशी तयार झाला. आकडे मुलांचे, तजुर्बा मुनीमजींचा.

आता यंत्रमागवाल्यांचे पैसे दर गुरुवारी, शुक्रवारच्या सुट्टीआधी, लहानांपासून सुरुवात करून दिले जातात. चार मोठ्या गिऱ्हाइकांना नवी मुदत लिहून दिली. दोघांनी मानली, दोघे दुसऱ्या पेढीवर गेले. त्यामुळे विक्री थोडी घटली. वसुलीची सरासरी ८१ दिवसांवर आली आहे. ६० वर यायला अजून अवकाश आहे.

बाहेरच्या देशांत हे नवे नाही

फ्रान्समध्ये एसेक या व्यापार-शिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९६७ मध्ये अशी संस्था काढली, की जी विद्यार्थीच चालवतात आणि व्यावसायिकांना मोबदला घेऊन पाहणी व सल्ला देतात. त्यांना ज्युनिअर एंटरप्राइज म्हणतात. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. ब्राझीलने तर २०१६ मध्ये यासाठी वेगळा कायदाच केला. अमेरिकेत १९७२ पासून सरकारच्या लघुउद्योग खात्याच्या मदतीने विद्यार्थ्यांचे गट लहान दुकानदारांना सल्ला देऊ लागले. तेथे लहान दुकानदाराने ते कमीपणाचे मानले नाही. आपण का मानावे?

व्यापारी व कारागिरांनी काय करावे

१) एकच प्रश्न द्यावा. 'धंदा कसा वाढेल' हा प्रश्न नव्हे. 'पैसा कोठे अडकतो', 'कोणता माल सहा महिने पडून आहे', 'एका नगाला खरा खर्च किती' हे प्रश्न आहेत. कारागिरांना शेवटचा प्रश्न विशेष लागू आहे. जरीवाला, सुतार, चपला करणारा असे बहुतेक लोक कच्चा माल मोजतात. स्वतःची आणि घरच्यांची मजुरी मोजतच नाहीत, म्हणून भाव चुकतो.

२) कॉलेजचे पत्र, जबाबदार प्राध्यापक, तास आणि हजेरी हे सर्व लेखी असावे.

३) नावांऐवजी नंबर द्यावेत. वही बाहेर जाऊ देऊ नये. पण दाखवायची ती खरी वही दाखवावी. खोट्या वहीवर खरा सल्ला मिळत नाही.

४) मुलांना चहा आणायला आणि गठ्ठे उचलायला लावू नये. जमेल तसा प्रवासखर्च व जेवण द्यावे.

५) शेवटच्या दिवशी मुनीम, मुलगा, भागीदार यांना बसवून अहवाल ऐकावा. न पटणारे ऐकायची तयारी ठेवावी.

६) काम केले असेल तरच प्रमाणपत्र द्यावे, आणि काय काम केले ते त्यात लिहावे.

विद्यार्थ्यांनाही सांगणे आहे. पहिले आठ दिवस सल्ला देऊ नका, फक्त पाहा आणि विचारा. दुकानातील जुन्या माणसाला मान द्या. आणि जे दिसले ते अदबीने, पण पूर्ण सांगा.

बांधवांनो, आपल्या कितीतरी घरांतील पहिली पिढी आज पदवीला बसली आहे. ही मुले कॉलेजचे पत्र घेऊन आपल्याच दारात येणार. त्या वेळी शिक्का काढण्याआधी त्यांना बसायला सांगा आणि वही उघडा. आमच्या गादीवर आता ते दोन तक्ते भिंतीला लावलेले आहेत, येणे एकीकडे आणि देणे दुसरीकडे. दर महिन्याला मुनीमजी स्वतः त्यात आकडे भरतात. उर्दूतच.