बालकांच्या औषधशास्त्राचे उच्च प्रशिक्षण : अर्ज कोणी व कसा करावा

मोठ्या माणसाच्या गोळीचा अर्धा तुकडा मुलाला आणि पाव तुकडा तान्ह्याला, हा हिशेब आपल्याकडे घराघरांतून चालत आलेला आहे. तो अडाणीपणाचा म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण विसाव्या शतकाचा बराच काळ सुशिक्षित वैद्यकाचा हिशेबही याहून फारसा निराळा नव्हता. प्रौढांवर पारखलेले औषध वजनाच्या प्रमाणात कमी करून मुलांना दिले जाई. डॉ. हॅरी शर्की या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६३ साली अशा बालकांना ‘उपचारांतील अनाथ’ असे संबोधिले, ते याच कारणाने.

वजनाचे हे त्रैराशिक का फसते, याचे उदाहरण क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाचे आहे. विषमज्वरावर गुणकारी ठरलेले हे प्रतिजैविक नवजात अर्भकांना दिले असता काहींची अंगकांती राखाडी पडे, पोट फुगे, रक्तदाब कोसळे आणि मृत्यू ओढवे. १९५९ साली याचा उलगडा झाला. या औषधाचे रूपांतर करून ते शरीराबाहेर टाकण्याची यकृताची शक्ती जन्मतः अपुरी असते. मूत्रपिंडेही पूर्ण क्षमतेने काम करीत नसतात. त्यामुळे औषध रक्तात साचत जाते. उलटपक्षी, दोन ते सहा वर्षांच्या मुलाचे शरीर काही औषधे प्रौढापेक्षाही जलद निकालात काढते आणि त्यास वजनाच्या मानाने अधिक मात्रा लागते. सारांश, मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. नवजात, रांगते, शाळकरी आणि वयात येणारे मूल या औषधाच्या दृष्टीने निरनिराळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येकीचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा लागतो.

येथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवणे इष्ट होईल. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली, त्यांतील कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. ती दुर्घटना मात्रेच्या अज्ञानाची नसून औषधात मिसळलेल्या डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रावकाची होती. हेच विष १९३७ साली अमेरिकेत एका औषधात वापरले गेले, शंभराहून अधिक माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी तेथे औषधांचा कडक कायदा झाला. निर्मितीची शुद्धता हा एक प्रश्न आणि शुद्ध औषध मुलाला किती व कोणत्या रूपात द्यावे हा दुसरा. आपल्या वेर्णे औद्योगिक वसाहतीत औषधांचे अनेक कारखाने आहेत. तथापि औषध तयार करणारे हात पुष्कळ असूनही मुलाची मात्रा शास्त्राने ठरविणारी माणसे थोडी, अशी स्थिती आहे.

ही माणसे तयार करण्यासाठी अमेरिकेत डॉक्टरेटोत्तर प्रशिक्षणाची व्यवस्था आहे. कॅन्सस सिटी व सिनसिनाटी येथील बालरुग्णालयांना या कार्याची दीर्घ परंपरा आहे. उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात २०१० पासून बालकांच्या औषधचाचण्यांचे मोठे जाळे उभे राहिले. प्रशिक्षण साधारणतः दोन ते तीन वर्षांचे असते. त्यात चाचणीची आखणी, नीतिनियम, संख्याशास्त्र व औषधाच्या शरीरातील प्रवासाचे गणित शिकविले जाते. बालकाचे रक्त वारंवार काढता येत नाही, ही या शास्त्राची मोठी अडचण होय. त्यावर तोड अशी काढण्यात आली आहे की, उपचार म्हणून ते औषध आधीच घेत असलेल्या पुष्कळ मुलांकडून प्रत्येकी दोन-चार थेंब रक्त घ्यावयाचे आणि साऱ्यांचे आकडे संगणकावर एकत्र मांडून त्या वयाची मात्रा काढावयाची. औषधाचे रूप हाही याच अभ्यासाचा भाग आहे. क्षयाच्या कडू गोळ्या फोडून मुलांना देण्याऐवजी पाण्यात विरघळणाऱ्या, फळांच्या चवीच्या व बरोबर मात्रेच्या गोळ्या २०१५ च्या अखेरीस जगापुढे आल्या, त्या अशाच परिश्रमांचे फळ होत.

आता अर्जाकडे वळू. सर्वांत मोठा गैरसमज पात्रतेविषयी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून प्रशिक्षणासाठी जे संस्थात्मक अनुदान मिळते, ते उमेदवारास नव्हे तर विद्यापीठास दिले जाते आणि विद्यापीठ आपले प्रशिक्षणार्थी स्वतः निवडते. या अनुदानावरील जागा केवळ अमेरिकेचे नागरिक व तेथील कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना त्या खुल्या आहेत, येथून पारपत्र घेऊन जाणाऱ्यास नाहीत. जाहिरातीतील ही एक ओळ न वाचल्याने होतकरू उमेदवारांचे महिनेच्या महिने वाया जातात. त्यांनी तोच विभाग अन्य निधीतून संशोधक घेतो काय, अशी पृच्छा विभागप्रमुखांकडे करावी. भारतीय नागरिकांना फुलब्राइट-नेहरू डॉक्टरेटोत्तर शिष्यवृत्तीचा मार्गही आहे. मात्र ती पीएच.डी. नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मिळते आणि मुदत संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधन तिला जोडलेले आहे. टोरोंटोच्या बालरुग्णालयातही औषधशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

बालरोग अथवा औषधशास्त्र या विषयांतील एम.डी., फार्म.डी. किंवा पीएच.डी. यांपैकी पदवी असलेल्यांचा विचार प्रायः होतो. डॉक्टरांनी हे ध्यानी ठेवावे की, तेथील परवाना-परीक्षा दिल्याविना रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. त्यांचे काम संशोधनापुरते मर्यादित राहते.

अर्जासोबत शैक्षणिक परिचय, प्रसिद्ध झालेल्या निबंधांची यादी, बहुधा तीन शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र लागते. यांपैकी उद्देशपत्रावर आमचे उमेदवार सर्वांत कमी श्रम घेतात. ‘मला लहान मुलांची आवड असून मानवतेची सेवा करावयाची आहे’ हे वाक्य निवड समितीने असंख्य वेळा वाचलेले असते. त्याऐवजी एक प्रश्न मांडावा. उदाहरणार्थ, अपुऱ्या दिवसांच्या व दीड किलो वजनाच्या अर्भकास आकडी आली असता फेनोबार्बिटोनची जी मात्रा आपल्या रुग्णालयात दिली जाते ती कोठून आली, ती पुरते काय, हे कसे तपासता येईल आणि त्यासाठी मला कोणते गणित शिकावयाचे आहे, असे दोन पानांत लिहिणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो. असे प्रश्न बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जितके सापडतील तितकेच तालुक्याच्या दवाखान्यातही सापडतील.

शिफारसपत्राचा मजकूर उमेदवारानेच लिहून गुरुजनांची सही घेण्याची आपल्याकडील रीत सोडून द्यावी. तिकडे पत्र शिफारस करणाराच परस्पर पाठवितो आणि त्यात उमेदवाराच्या कामाचा नेमका दाखला अपेक्षित असतो. नावाचा प्रश्नही क्षुल्लक समजू नये. शालान्त प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पदवीवर शेवटी, पारपत्रावर वडिलांचे नाव गाळलेले आणि नाईकाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचे, असे असल्यास पुढे पडताळणीत अडचण येते. शाळांतील शिक्षकांनी दाखले लिहितानाच याकडे लक्ष पुरविले तर पुष्कळ त्रास वाचेल. तसेच, निवड करून देतो म्हणून शुल्क मागणाऱ्या मध्यस्थांना थारा देऊ नये.

ज्यांना परदेशी जाणे शक्य नाही त्यांना मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाशी संलग्न शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात व चंदीगढच्या स्नातकोत्तर संस्थेत चिकित्सालयीन औषधशास्त्राचा डी.एम. अभ्यासक्रम उपलब्ध आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थांतूनही डॉक्टरेटोत्तर शिष्यवृत्त्या दिल्या जातात. येथे काम करणाऱ्यास परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे पाठ असली पाहिजेत. त्यांनुसार आईबापांच्या संमतीबरोबरच सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढील मुलाची लेखी मान्यता घ्यावी लागते. मुलाने नकार दिल्यास त्याची कदर करावी लागते.

अमेरिकेतील प्रशिक्षणाचे वर्ष बहुधा १ जुलैस सुरू होते. निवड झाल्यावर यजमान संस्थेकडून प्रवेशपत्रक येणे, व्हिसाची मुलाखत होणे आणि कागदपत्रांची पडताळणी होणे यांत कित्येक महिने जातात. तेव्हा जुलैत रुजू होऊ इच्छिणाऱ्याने आदल्या वर्षीचा पावसाळा संपण्यापूर्वीच विभागप्रमुखांशी पत्रव्यवहार सुरू करावा आणि त्या पत्रात आपले नागरिकत्व पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट नमूद करावे.