प्रौढांचे वर्ग : काय शिकावे, कोठे शिकावे?



"आता या वयात पाटी घेऊन बसायचं का?" वर्गाचे नाव काढले की पारावर हाच प्रश्न येतो. त्याला उत्तर म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो.

माझ्या भागातल्या एका दादांनी एक एकर बागायती गहू केला होता. खताचे पत्रक मीच दिले होते. दादांना वाचता येत नव्हते, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलाने वाचून दाखवले. मुलाने अक्षर न् अक्षर बरोबर वाचले. पण पत्रकातला आकडा 'हेक्टरी' होता आणि दादांनी तो 'एकरी' धरला. गहू हिरवागार वाढला आणि ओंब्या भरायच्या वेळी सगळा लोळला. खताचा पैसा गेला आणि पीकही हातचे गेले. चूक माझीही होती. पत्रक हातात ठेवले, पण समजले का ते विचारले नाही.

हा हिशेब आपणही करून पाहा. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे. युरियात 46 टक्के नत्र असते. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले, तर हेक्टरी 261 किलो, म्हणजे 45 किलोच्या जवळजवळ सहा गोण्या लागतात. एकराला मात्र 104 किलो, सव्वादोन गोण्यांच्या आसपासच. सहा गोण्या एकरात पडल्या, तर पीक लोळणारच!

शेतकऱ्याने काय शिकावे?

नुसती सही आली म्हणजे शिक्षण झाले, असे नाही. रोजच्या कामाला लागेल ते आधी शिकावे.

1. सातबारा वाचणे. आपले नाव, क्षेत्र, पिकाची नोंद आणि 'इतर हक्क' यात लिहिलेला बोजा स्वतः पाहता आला पाहिजे.
2. सोसायटीचे व बँकेचे पासबुक वाचणे. मुद्दल किती, व्याज किती, भरणा कधी, हे दुसऱ्याला विचारायची पाळी येऊ नये. कोऱ्या कागदावर अंगठाही देऊ नये आणि सहीही करू नये.
3. औषधाच्या डब्यावरची खूण ओळखणे. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नका.
4. गुंठा, एकर, हेक्टर आणि टक्केवारी यांचा हिशेब.

कोठे शिकावे?

अक्षरओळख नसेल, तर 'उल्लास' या नावाने चालणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांपुढील सर्वांसाठी आहे. तो 2022 ते 2027 या काळासाठी आखलेला आहे. गावच्या शाळेत गुरुजींकडे किंवा बाईंकडे चौकशी करा. नाव घालायला लाजू नका.

शेतीतले नवे शिकायचे असेल, तर आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रात जा. देशातले पहिले केंद्र 1974 साली पुदुच्चेरी येथे निघाले. तेथे फळ्यापेक्षा हाताने करून शिकण्यावर भर असतो. त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही तेथे शिकता येते.

शाळा अर्ध्यावर सुटली असेल आणि पुढे शिकायची इच्छा असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते 1989 साली स्थापन झाले. पुस्तके घरी वाचायची आणि अभ्यासकेंद्रावर ठरलेल्या दिवशी जायचे, अशी तेथली रीत. शेतीचेही अभ्यासक्रम आहेत. कोणत्या अभ्यासक्रमाला किती शिक्षण लागते, हे आधी विचारून घ्या.

रेडिओसुद्धा वर्गच आहे

1956 साली पुणे आकाशवाणीने एक प्रयोग केला. आजच्या महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत ऐकणाऱ्यांची मंडळे केली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि गावात काय करायचे ते ठरवीत. मंडळे नसलेल्या गावांपेक्षा या गावांतल्या लोकांची माहिती बरीच वाढल्याचे दिसून आले. एकट्याने ऐकलेले विसरते, चौघांत बोललेले ध्यानात राहते.

वेळ कशी काढावी?

पेरणीच्या नाहीतर काढणीच्या धांदलीत वर्ग धरू नये, टिकत नाही. रब्बीची मळणी उरकल्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत थोडी सवड असते, ती साधावी. वर्ग संध्याकाळी, जेवणे झाल्यावर ठेवावा. घरातल्या माउलीलाही वेळ सोयीची आहे का, ते विचारा. खुरपणी, दूध, कोंबड्या हे सगळे तीच पाहते. तिच्या हाताला हिशेब आला, तर घराचे नुकसान टळते. नवरा-बायकोने जोडीने यावे, त्यात कमीपणा कसला?

ते दादा पुढच्या उन्हाळ्यात वर्गाला बसले. दुसऱ्या वर्षी गव्हाचे पत्रक द्यायला गेलो, तर हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न केला, "साहेब, हे हेक्टरी हाय का एकरी?"

मंडळी, हा प्रश्न ज्याला विचारता आला, त्याचे निम्मे शिक्षण झाले. या आठवड्यात एवढेच करा. घरातला सातबारा काढा आणि आपल्याला त्यातले किती वाचता येते ते पाहा. जेथे अडेल, तेथून आपला वर्ग सुरू झाला असे समजा.