परत द्यायचं, पण कुणाला?

‘३५ दिवसांची लॅबची पिल्लं, केसीआय पेपरसह.’ अशी जाहिरात वाचताना मन विरघळतं, पण त्या पहिल्या दोन शब्दांतच व्यवहार बेकायदा ठरलेला असतो. कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. त्यानुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरची राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि विक्रीआधी पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली हवी. घेणारा यातलं काहीच विचारत नाही. तो केसीआयचा, म्हणजे केनेल क्लबचा, पेपर विचारतो, आणि पेपरात वंशावळ असते, तब्येत नसते.

मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लू खाणं सोडतं, उलट्या होतात, जुलाबातून रक्त जातं. लस पूर्ण न झालेल्या पिल्लांत याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पार्व्हो हा विषाणूजन्य आजार. विक्रेत्याला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: ‘आमच्याकडे ठणठणीत होतं, तुम्हीच काहीतरी खायला घातलं असेल.’ फारच लावून धरलं तर दुसरं उत्तर येतं: ‘आणून द्या, बदलून देतो.’

हे दुसरं उत्तर ऐकायला बरं वाटतं. माझ्या मते तेच जास्त धोक्याचं आहे. पार्व्होच्या पिल्लाला सलाइन लागतं, दिवसचे दिवस देखरेख लागते, आणि हा खर्च अनेकदा पिल्लाच्या किमतीच्या वर जातो. ज्याने आईपासून ते वेळेआधी तोडून विकलं, तो परत आलेल्या पिल्लावर हा खर्च करील, असं मानायला काय आधार आहे? शिवाय हा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन् महिने तग धरतो. त्याच जागेतून मिळालेलं ‘बदली’ पिल्लू तोच आजार घेऊन येऊ शकतं, आणि आपल्या घरातही तो विषाणू आधीच उतरलेला असतो.

म्हणून पैशाचं भांडण आणि पिल्लाचा ठावठिकाणा या दोन गोष्टी पहिल्या तासापासून वेगळ्या ठेवायला हव्यात. आधी डॉक्टर. तिथे विष्ठेची चाचणी करून तारखेसह रिपोर्ट घ्यावा. पार्व्होची लक्षणं संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात. त्यामुळे घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी पिल्लू आजारी पडलं, तर संसर्ग कुठे झाला हे तो रिपोर्टच सांगतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याची नोंद, विक्रेत्याचे मेसेज हे सगळं जपून ठेवावं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. नोंदणी नसलेल्या ब्रीडरची तक्रार पशु कल्याण मंडळाकडेही करावी. यातल्या कशासाठीही पिल्लू परत नेऊन द्यावं लागत नाही.

अपवाद आहेत. पिल्लाची आई दाखवणारे, लेखी करार करणारे आणि ‘कधीही जमलं नाही तर कुत्रं आम्हालाच परत द्या’ असं स्वतःहून लिहून देणारे नोंदणीकृत ब्रीडरही असतात. त्यांच्याकडे परत देणं योग्यच.

व्यवहार फसल्याचं प्रत्येक वेळी आठवड्याभरात कळत नाही. आई आणि भावंडं यांच्यात खेळताना पिल्लू शिकतं की जोरात चावलं तर समोरचा कळवळतो आणि खेळ थांबतो. आईजवळचे सुरुवातीचे आठवडे हिरावले गेले, तर त्याचा परिणाम पुढे काही महिन्यांनी मुलांच्या हातापायांवर दिसू शकतो. नागपूरच्या उन्हात आणलेल्या हस्कीचे हाल तर पहिल्याच मे महिन्यात कळतात. कुत्रं चावत असेल तर आधी डॉक्टरांकडून दुखणं तपासून घ्यावं, कारण कान दुखणारं, सांधे धरलेलं कुत्रंही चावतं. मग चांगला ट्रेनर. तरीही जमत नसेल, तर दुसरं घर शोधण्यात लाज नाही. लाज आहे ती घाटात किंवा ढाब्यापाशी गाडीचं दार उघडून त्याला सोडून देण्यात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. इतक्या दंडाची भीती कुणाला वाटणार?

‘चांगल्या घरी फुकट देणे आहे’ ही जाहिरात मात्र टाकू नये. नसबंदी न झालेली जातिवंत मादी फुकट मिळते म्हटल्यावर सगळ्यात आधी फोन करणाऱ्यांत तिच्यापासून पिल्लं काढून विकणारेही असतात. नियमानुसार मादीचं वय दीड वर्ष झाल्याशिवाय तिच्यापासून पिल्लं घेता येत नाहीत आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. पण मागच्या खोलीतल्या पिंजऱ्यात हे मोजायला कोण जातं? म्हणून वय आणि तब्येत साथ देत असेल तर आधी नसबंदी, मग नवं घर. मी याबाबत कुणालाही सवलत देणार नाही. नसबंदी झालेल्या कुत्र्यात व्यापाऱ्याला रस उरत नाही, आणि जो तरीही फोन करतो त्याला बहुधा कुत्रंच हवं असतं.

ओळखीच्या डॉक्टरांमार्फत किंवा दत्तकाचं काम करणाऱ्या संस्थेमार्फत घर शोधावं. संस्थांचे निवारे भरलेले असतात, त्यामुळे कुत्रं घर मिळेपर्यंत आपल्याकडेच ठेवण्याची तयारी हवी. येणाऱ्याच्या घरी स्वतः जाऊन यावं. दिवसभर घरी कोण असतं, घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलं आहे का, आजी-आजोबांना चालणार आहे का, हे स्पष्ट विचारावं. आणि आपणही लपवू नये. कुत्रं चावलं असेल तर कुणाला, कधी, कशावरून, सगळं सांगावं. हे ऐकून चार घरं नाही म्हणतील. म्हणू देत. ज्या घरात रांगतं मूल आहे, तिथून नकार आलेलाच बरा. पार्व्होतून वाचलेलं पिल्लू असेल, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत लस न झालेल्या दुसऱ्या पिल्लाच्या घरी ते देऊ नये.

देताना लसीकरणाचं पुस्तक, औषधांचे कागद, त्याचं नेहमीचं खाणं आणि वासाची ओळख राहावी म्हणून न धुतलेली चादर सोबत द्यावी. सुरुवातीचे काही दिवस ते कोपऱ्यात बसून राहील, खाणार नाही. रुळायला दोन-तीन महिनेही लागतात, हे नव्या घराला आधीच सांगून ठेवावं. मायक्रोचिप असेल तर त्या नोंदीतलं नाव आणि फोन नंबर बदलून घ्यावा, नाहीतर उद्या हरवलेल्या कुत्र्यासाठी फोन आपल्याला येईल. महापालिकेचा परवाना नव्या मालकाच्या नावाने निघायला हवा. दोघांच्या सह्यांचं एक साधं करारपत्र करावं आणि त्यात एक ओळ नक्की असावी: जमलं नाही तर हे कुत्रं तिसऱ्याला न देता आमच्याकडे परत आणायचं.