जुनी गाडी ऑनलाइन घेताना

गाडी नव्यासारखी, किंमत बाजारभावाच्या निम्मी, विकणारा म्हणतो, "मी लष्करात आहे, बदली झाली आहे." गणवेशातला फोटो, ओळखपत्र, आरसी, सगळे पाठवतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या बेळगावात जवानाच्या शब्दावर आपला विश्वास पटकन बसतो, आणि भामटे नेमका त्याचाच फायदा घेतात. कागदपत्रे खरी असली तरी दुसऱ्याची चोरलेली असू शकतात.

पुढे गाडी दाखवायचे टाळून आधी वाहतूक खर्च, मग 'परत मिळणारी' अनामत मागतात. परताव्यासाठी क्यूआर स्कॅन करायला सांगितले, तर करू नका. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.

म्हणून आमचे सभासदांना सांगणे आहे: गाडी आणि मालक समोर पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. एमपरिवहन ॲपवर कर्जाचा बोजा व विमा तपासा, चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहा. गाडी कोल्हापूरची, एमएच ०९ असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी घ्या.

तरीही फसवणूक झालीच, तर लाजून गप्प राहू नका. लगेच १९३० वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. घरातल्या तरुण मुलांनाही हे जरूर सांगा.