ग्रिलमधला मोगरा

दिवा उपनगरातल्या बागप्रेमींची मोगऱ्याबद्दलची तक्रार ठरलेली असते: पानं भरघोस, कळीचा पत्ता नाही. इथल्या दातिवली, आगासनच्या जुन्या घरांपुढे अंगण होतं. आता खिडकीची ग्रिल हीच बाग. तरी मोगरा हवाच असतो, कारण दिवा-वसई मार्गाच्या पलीकडच्या टोकाला तोच पिकतो. वसईच्या वाड्यांतून दादरच्या फूलबाजाराला त्याचा पुरवठा जुना आहे आणि अलीकडे जव्हार-विक्रमगडच्या वरकस जमिनीवरही मोगऱ्याने चांगला जम बसवला आहे.

शास्त्रीय कुळकथा थोडक्यात. लिनियसने 1753 साली मोगऱ्याला प्राजक्ताच्या प्रजातीत बसवलं, एटनने 1789 मध्ये तिथून काढून जाईजुईच्या प्रजातीत नेलं. ऑलिव्हही याच कुळातलं. फिलिपिन्सने 1934 मध्ये मोगऱ्याला राष्ट्रीय फूल केलं. एवढं पुरे.

खरी मौज बटमोगऱ्याच्या परदेशवारीत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस गच्च पाकळ्यांचा मोगरा गोव्याहून इटलीत टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याच्याकडे पोचला. हे मेडिची घराणं झाडांचं वेडं. लिंबूवर्गातल्या चित्रविचित्र जातींचा त्यांचा संग्रह फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लोच्या बागेत आजही आहे. त्याच बागेत मोगऱ्यांना थंडी बाधू नये म्हणून वेगळं उबदार घर बांधलं गेलं. तिथले लोक या फुलाला ‘मुगेरिनो’ म्हणतात. ड्यूकने रोप कुणालाही द्यायला बंदी केली होती, पण एका माळ्याने चोरून एक फांदी वाग्दत्त वधूला दिली आणि तिने ती लावून वाढवली, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो-नसो, तिच्यातलं बागकाम चोख आहे: गच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही, तो फांदीवरूनच वाढतो. दिव्यात ही फांदी चोरावी लागत नाही. पावसाळ्यात तीन-चार पेरांची अर्धवट जून काडी शेजारच्या काकू आपणहून देतात.

आता कळीकडे. मोगरा नव्या फुटीच्या टोकाला फुलतो आणि इथेच हौशी लोकांचा हात अडतो. जीव लावलेल्या झाडाला कात्री लावायची कशी? पण लावायलाच हवी. नोव्हेंबरच्या सुमारास पाणी तोडावं, माती सुकू द्यावी, मग फांद्या निम्म्याने छाटून उरलेली पानंही काढावीत. नंतर शेणखत घालून पाणी सुरू केलं की नवी फूट येते आणि मार्चपासून कळ्या दिसू लागतात. नत्राचा मारा मात्र नको, त्याने नुसता पाला वाढतो. आणि रोज पाचसहा तास ऊन हवंच. समोरच्या इमारतीने ते अडवलं असेल, तर कुंडी गच्चीवर न्यावी. सावलीतल्या मोगऱ्याला खत घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

दिव्याची खास अडचण पाण्याची. नळाचा भरवसा नाही, म्हणून झाडांच्या वाट्याला बोअरिंगचं पाणी येतं. खाडी जवळ, त्यामुळे ते अनेकदा क्षारयुक्त असतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती अल्कधर्मी झाली की मुळांना लोह उचलता येत नाही, त्याची ही खूण. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारल्यास उपयोग होतो. पहिल्या जोरदार पावसात कुंडी उघड्यावर ठेवली, तर साठलेले क्षारही धुऊन जातात.

मोगऱ्याचं सगळ्यात विलक्षण अंग म्हणजे तो खुडल्यावरही थांबत नाही. बंद कळीला वास जेमतेम असतो. पहाटे खुडलेली टपोरी पांढरी कळी दिवसभर मिटलेली राहते आणि संध्याकाळी गजऱ्यात उमलून गंध सोडू लागते. वसईच्या कळीला दादरची बाजारपेठ मिळते ती यामुळेच. चीनमधल्या फुचौचे चहावालेही याच सवयीवर जगतात: रात्री उमलत्या कळ्या चहापत्तीत मिसळायच्या, गंध शोषला गेला की सकाळी वेचून काढायच्या, पुढच्या रात्री ताज्या कळ्या घ्यायच्या. या गंधात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. अधिक प्रमाणात ते चक्क दुर्गंधी वाटतं, पण फुलातल्या अल्प मात्रेत त्याच्यामुळेच वासाला खोली येते.

नव्याने रोप घेणाऱ्यांनी रोपवाटिकेत मार्च-एप्रिलमध्येच जावं. तेव्हा कळ्या अंगावर असतात, एकेरी कोणता आणि बटमोगरा कोणता ते डोळ्यांना दिसतं. पावसाळ्यात सगळी रोपं सारखीच हिरवी असतात आणि विकणारा मागाल ते नाव सांगतो.