मागची दोन की चारही?

आमच्या हॉस्टेलात रात्री दोन वाजता भांडणं दोनच विषयांवर होतात. एक क्रिकेट, दुसरा गाड्या. माझा रूममेट म्हणतो, मागच्या चाकांवर चालते तीच खरी स्पोर्ट्स कार. समोरच्या खोलीतला म्हणतो, ताकद चारही चाकांना हवी. म्हटलं, आपणच लिहून टाकू. (शिक्षण कॉन्व्हेंटचं आहे, मराठी सांभाळून घ्या!)

टायरची पकड आपल्या पॉकेटमनीसारखी ठराविक असते. ती वळण्यात खर्च करा, नाहीतर वेग वाढवण्यात. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं वळवतात, मागची ढकलतात. कामाची वाटणी झाल्यामुळे स्टिअरिंग मोकळं लागतं. वेग घेताना वजनही मागे सरकतं, म्हणजे जिथे ताकद तिथेच भार. पण वळणात अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला की मागचे टायर सुटतात आणि गाडीची शेपटी बाहेर जाते. हे ओव्हरस्टिअर.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये तीच ताकद चार टायरांत वाटली जाते. ओल्या रस्त्यावर वळणातून सुटताना याचा मोठा फायदा. मात्र गाडीचं वजन वाढतं आणि पुढच्या टायरांवर दोन कामं पडतात. वेगात शिरलात तर गाडी वळायचं सोडून सरळच निघते. हे अंडरस्टिअर.

1980 मध्ये ऑडी क्वाट्रो आली आणि रॅलीचं जग बदललं. तरी 1983 ची कंपन्यांची वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप जिंकली ती मागच्या चाकांवरच्या लान्सिया 037 ने! त्यानंतर मात्र तशा गाडीला ती जमलेली नाही.

आता आपल्या सिंधुदुर्गाची गोष्ट. पहिल्या पावसात लाल माती डांबरावर वाहून येते. गेल्या वर्षी आंबोली घाटात मामाची जुनी व्हॅन मी चालवत होतो. मागची चाकं ढकलणारी, मागे सामान काही नाही. वळणात पाय जरा जड पडला आणि शेपटी थेट दरीकडे! मामा एवढंच म्हणाला, "झिला, पाय हळू काढ." मी हळूच पाय उचलला, गाडी सरळ झाली. घरी पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते.

येत्या शनिवारी आमची गँग एका मित्राच्या फोर बाय फोर जीपने आंबोलीला निघालीय. "चारही चाकं चालतात, घाबरायचं काय?" इति गँग. म्हणून हे गणित. ताशी 60 किमी वेगात घर्षणांक 0.8 धरला, तर ब्रेक लागल्यावर गाडी साधारण 18 मीटरवर थांबते. ओल्या रस्त्याचा 0.5 धरला तर 28 मीटर, आणि चिखलाचा 0.3 धरला तर 47! या सूत्रात इंजिन किती चाकं फिरवतं, ही संख्या कुठेच येत नाही. कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात.

थोडक्यात, फोर व्हील ड्राइव्ह तुम्हाला निघायला मदत करते, थांबायला नाही. घाट उतरताना थांबणंच महत्त्वाचं!

असो. भांडण चालूच राहील. शनिवारी टायर तपासा, खालच्या गिअरमध्ये उतरा आणि रविवारी मेसमध्ये सगळे दिसा.